तुसापासून सक्रिय कार्बन

परवा दुर्गजवळच्या एका राइस मिलमागे तुसाचा डोंगर दिसला, म्हणून हे लिहितोय.

छत्तीसगड म्हणजे धानाचं कोठार. त्यामुळे आमच्या भिलाईच्या आसपास तूस मुबलक. बरंचसं बॉयलरमध्ये जळतं. पण त्यापासून सक्रिय कार्बनही बनतो!

तूस धुऊन वाळवायचं, फॉस्फोरिक आम्लात भिजवायचं आणि हवा न लागू देता ४५०-५०० अंश सेल्सिअसला तापवायचं. मग आम्ल निघून जाईपर्यंत धुवायचं. या प्रक्रियेत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. साध्या कोळशाचा पृष्ठभाग इतका नसतो.

मिथिलीन ब्ल्यूच्या निळ्या पाण्यात ही काळी भुकटी घालून ढवळा, थोडा वेळ ठेवा, गाळा. गाळणीखाली नितळ पाणी उतरतं. रंगाचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटलेले असतात. यालाच अधिशोषण म्हणतात.

भिलाईसारख्या पोलादाच्या गावाला याचं मोल जास्त. कोक भट्ट्यांच्या सांडपाण्यात फिनॉल असतं आणि ते धरून ठेवण्यात सक्रिय कार्बन पटाईत. त्याच सांडपाण्यातल्या अमोनियासाठी मात्र दुसरे उपाय लागतात.

घरी आम्ल तापवू नका, हे प्रयोगशाळेतच करा.