चीनचे राष्ट्राध्यक्ष नेमके किती ताकदवान असतात?

बातम्यांमध्ये शी जिनपिंग यांच्या नावाआधी 'राष्ट्राध्यक्ष' लावलं जातं. पण त्यांची खरी ताकद या पदात नाही.

चीनच्या राज्यघटनेनुसार तिथली संसद राष्ट्राध्यक्ष निवडते. कायदे जाहीर करणं, संसदेने ठरवलेल्या पंतप्रधानांची नेमणूक करणं, परदेशी राजदूतांचं स्वागत करणं ही त्यांची कामं. म्हणजे मान मोठा, अधिकार मोजके.

मग सत्ता कुठे असते? कम्युनिस्ट पक्षाचं सरचिटणीसपद आणि केंद्रीय लष्करी आयोगाचं अध्यक्षपद, या दोन खुर्च्यांत. डेंग शियाओपिंग तर कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हते, तरी देश त्यांच्याच इशाऱ्यावर चालला.

याउलट ल्यू शाओची १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे माओंची मर्जी फिरली. १९६८ मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली आणि १९६९ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पद त्यांना वाचवू शकलं नाही. १९७५ च्या राज्यघटनेतून तर हे पदच गायब झालं. १९८२ मध्ये ते परत आलं.

१९९३ मध्ये जियांग झेमिन यांच्याकडे तिन्ही पदं आली आणि तीच पद्धत रूढ झाली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन टर्मची मर्यादा हटली, तेव्हा जगभर चर्चा झाली. सरचिटणीसपदाला मात्र अशी मर्यादा आधीपासूनच नव्हती.