आळंदी ते पंढरपूर, सायकलवर सहकुटुंब

आळंदीहून सायकलने सहकुटुंब पंढरपूरला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो मुक्कामांचा. त्यासाठी नकाशा घेऊन डोकं खाजवत बसायची गरज नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली, तेव्हापासून हा हिशेब तयार आहे. माणसाला दर किती अंतरावर पाणी, सावली आणि पाठ टेकायला जागा लागते, हे वारीला आपल्यापेक्षा बरं कळतं. पालखीचे मुक्काम घ्यायचे आणि सायकलसाठी दोन-दोन जोडायचे, एवढंच आपलं काम.

पालखीच्या वेळापत्रकाप्रमाणे वाट साधारण 250 किलोमीटरची आहे. शाळकरी मुलं बरोबर असतील तर सात दिवस धरावेत. आळंदी ते पुणे 29, पुण्याहून सासवडमार्गे जेजुरी 48, पुढे वाल्हे करून लोणंद 32. लोणंदहून तरडगावमार्गे फलटण 29. मग बरडवरून नातेपुते 39, माळशिरसवरून वेळापूर 37 आणि शेवटी भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूर 36. रोजचे आकडे बघून सराव असलेले लोक हसतील. हसू द्या. कुटुंबाचा वेग थांबे धरून ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नाही. सकाळी सहाला निघालात तर बहुतेक दिवशी ऊन चढायच्या आत मुक्काम गाठता येतो, आणि तेच हवं असतं.

खरी परीक्षा दुसऱ्याच दिवशी आहे, ती म्हणजे दिवे घाट. वडकी सोडलं की खाली मस्तानी तलाव दिसू लागतो आणि रस्ता चार-पाच किलोमीटर चढतच राहतो. याच चढावर माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. सायकलला जादा बैल नाहीत, गिअर आहेत. पुढचं दातेरी चक्र लहान आणि मागचं मोठं ठेवलं की पायडल हलकं होतं. चाक कमी फिरतं, पण गुडघ्यावर ताण येत नाही. मुलं नेमकं उलटं करतात: जड गिअरवर उभं राहून जोर लावतात, दोन वळणांत दमतात आणि मग रडकुंडीला येतात. त्यांना एक गोष्ट आधीच शिकवावी, गिअर चढ लागण्यापूर्वी बदलायचा. ऐन चढावर, साखळीवर जोर असताना बदलला तर साखळी उतरते. आणि नाहीच जमलं तर सायकल हातात धरून चालावं. या घाटात चालण्याची लाज कुणाला वाटावी? अख्खी वारी इथून चालतच जाते.

घाट चढून गेलं की सासवड. इथे सोपानकाकांची समाधी आहे. दर्शन घ्यावं, जेवावं आणि ऊन कलल्यावरच जेजुरीकडे निघावं. पुढे नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. पालखीच्या वाटेवर माउलींच्या पादुकांना इथे नीरास्नान घालतात. लोणंद-तरडगाव दरम्यान चांदोबाचा लिंब येतो, पहिल्या उभ्या रिंगणाची जागा. वारीत इथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी मात्र निवांत बसून शेंगदाण्याचा लाडू खाता येतो.

फलटणनंतर वाट सपाट होते, पण सोपी होईलच असं नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात जुनी वडाची झाडं गेली आणि सावली पातळ झाली. चौपदरी रस्ता अनेक गावांना बाहेरून वळसा घालतो. ट्रकला ते सोयीचं, सायकलवाल्याने मात्र जुन्या रस्त्याने गावात शिरावं. चहा, पाणी, पंक्चरवाला आणि ‘माउली, कुठून आलात?’ असं विचारणारा माणूस गावातच भेटतो.

पंक्चरचं म्हणाल तर कडेला वेडी बाभूळ आहे, तेव्हा ते होणारच. जादा ट्यूब जवळ ठेवा, पण ती बसवायची घाई करू नका. टायरच्या आतून सुती फडकं हळूहळू फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा. तो बाहेर काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर पाव किलोमीटरात पुन्हा तीच कथा. फडकंच वापरा, बोट फिरवलंत तर काटा बोटालाही सापडतो.

चालवताना एक मोठं माणूस पुढे, मुलं मध्ये, दुसरं मोठं माणूस सगळ्यात शेवटी. वेग ठरवणार सगळ्यांत हळू चालवणारा. हे पाळलं नाही तर भांडणं होतात, वाऱ्याचा किंवा चढाचा त्यात काही दोष नसतो.

आता जायचं कधी? आषाढी वारीच्या दिवसांत मुळीच नको. रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि वाहतूक वळवलेली असते. माझी पहिली पसंती ऑगस्टला. सासवडच्या पुढे पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, त्यामुळे सरी हलक्या असतात आणि पश्चिमेचा वारा पाठीशी राहतो. आग्नेयेकडे जाणाऱ्या या वाटेवर त्याची मदत फुकट मिळते. थंडी सुखाची खरी, पण तेव्हा गळीत हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर बाहेर झुकलेल्या मोळ्यांसकट जवळून जातात आणि मागे दिवा असेलच याची खात्री नसते. म्हणून थंडीत अंधारात सायकल चालवू नये. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर कार्तिकी एकादशी साधारण अकरा दिवसांवर असते हे ध्यानात ठेवा. तेव्हा पंढरपुरात खोली मिळणं कठीण.

पंढरपुरात मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, तिथे आधी आरक्षण करावं. सायकली मुक्कामावरच ठेवा, देवळाभोवतीच्या गल्ल्यांत त्या गळ्यात पडतात. पदस्पर्शाची रांग लांब असेल आणि मुलं पेंगत असतील तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, तिने जावं. परतीसाठी सायकली छोट्या हत्तीत घालणं सर्वांत सोपं. दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी टाका, पायडल काढून ठेवा आणि भाडं निघण्याआधीच ठरवून घ्या.