कोठ्यातला सापळा डास मारायला नसतो

नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यातल्या गावांत डासांचा अभ्यास करणारा विद्यार्थी संध्याकाळी गुरांच्या कोठ्यात प्रकाशसापळा टांगतो, तेव्हा घरधनी हमखास विचारतो, "याने डास कमी होतील ना भाऊ?" होणार नाहीत. सापळ्यात लहानसा दिवा आणि खाली बॅटरीवरचा पंखा असतो. उजेडाकडे आलेला डास पंख्याच्या ओढीने जाळीच्या पिशवीत पडतो. गावात कोणत्या जातीचे डास आहेत आणि किती, हे कळावे म्हणून ही धडपड. आरोग्य खात्यात याच कामासाठी 'कीटक समाहारक' हे पद आहे.

पहाटे टॉर्च आणि शोषणनळी घेऊन भिंतींवर विसावलेले डास टिपले जातात. नर चावत नाही, म्हणून सगळे लक्ष मादीवर. पोट लालभडक असेल तर तिने नुकतेच रक्त प्यायले आहे. पांढरट, फुगीर असेल तर आत अंडी तयार आहेत.

"कोठ्यातले डास गुरांनाच चावतात" हेही खरे नाही. मौदा धानाचा पट्टा. पाणी भरलेल्या बांध्यांत वाढणारा अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस गुरांचे रक्त जास्त पितो, पण माणसालाही चावतो. आपल्या देशाच्या ग्रामीण भागात हिवताप पसरवण्यात त्याचाच वाटा मोठा आहे.

सर्वांत महागात पडतो तो समज म्हणजे नाल्या साफ केल्या की डेंगी जातो. नालीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. डेंगीचा एडिस दिवसा चावतो आणि रांजण, टाकी, टायर, कूलर यांतल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या काठालगत, ओलसर कडेवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणून कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, त्याच्या कडा घासाव्याच लागतात. धूरफवारणीने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो यासाठीच.

हत्तीरोग पिढीजात नसतो. त्याचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्री दिसतात, म्हणून रक्तनमुने रात्री घेतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये हत्तीरोगावरची तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली. "पाय सुजला नाही, मग गोळी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सूज येण्याआधी जंतू वर्षानुवर्षे अंगात असू शकतो.

उद्या पहाटे कुणी शोषणनळी घेऊन दारात उभा राहिला, तर झाडझूड करून भिंतीवरचे डास उडवण्याआधी त्याला आत येऊ द्या. रात्री सापळ्याचा दिवा विझवू नका. आणि मोहिमेत गोळ्या मिळाल्या, तर गरोदर बाया, लहान लेकरे आणि गंभीर आजारी सोडून घरातल्या सगळ्यांनी त्या कर्मचाऱ्यासमोरच घ्या.