वडशातली अकराची पंगत

अकरा वाजत आले आहेत आणि वडशाच्या या खानावळीत भाताचा दुसरा गंज चुलीवर चढला आहे. पहिला दहाच्या आतच संपला. धान विकायला आलेले शेतकरी आणि त्यांचे ट्रॅक्टरवाले जेवून गेले. आता जी माणसं यायची आहेत, त्यांची वाट मावशी बघते आहे. मधूनच ती हात पदराला पुसत दाराशी येते, रस्त्याकडे नजर टाकते आणि आत वळते. "दूर गेले असतीन काल," ती मुलाला सांगते. मुलगा कांदे चिरतो आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं एकावर एक चिकटवलेली आहेत. लाल-पिवळ्या अक्षरांत नायक, नायिका, खलनायक, विनोदवीर, सगळ्यांची नावं आणि गोल चौकटीतले फोटो. ज्यांची वाट बघणं चाललंय, ती हीच माणसं.

दिवाळी सरते, धान कापून होतं आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत तो होळीपर्यंत चालतो. गावात मंडई भरते किंवा शंकरपट असतो आणि त्या रात्री नाटक असतं. दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेच संपतं. पाहुणे गावोगावहून येतात, घरोघरी कोंबडी शिजते, मुलामुलींच्या सोयरिकी याच दिवसांत जुळतात. नाटक मंडळ्या पन्नासच्या आसपास आहेत आणि बहुतेकांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या या एका वडशात आहेत. ज्या गावाला नाटक हवं, त्या गावची मंडळी इथे येतात, पोस्टरं पाहतात, तारीख ठरवतात, इसार देतात. कलावंत मुंबई-पुण्याहूनही येतात आणि हंगामभर इथेच खोल्या घेऊन राहतात.

रात्रभर रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाला सकाळी पोह्यांनी भागत नाही आणि दुपारच्या एकपर्यंत दम धरवत नाही. मोठ्या शहरांत सुटीच्या दिवशी उशिरा उठून नाश्ता-जेवण एकत्र करण्याची पद्धत आता रुळली आहे. वडशात अकराचं जेवण जागरणातून आलं आहे.

गाडी येते. टपावर पडद्यांच्या गुंडाळ्या, मागच्या काचेला चिखलाचे शिंतोडे. एकेक जण उतरतो. मफलर, शाली, कानटोप्या. दोन बायका आहेत, त्यातली एक जेमतेम विशीची. डोळ्यांच्या कडांना काजळ अजून आहे, भांगात चमकी राहिली आहे. मागून उंच, दणकट माणूस येतो. कपाळावरचा तांबडा रंग त्याने घाईत पुसलाय, पण भुवईपाशी तो लागलेलाच आहे. पोस्टरवर पाहून ओळखतो मी त्याला. हा खलनायक.

"या जी, बसा. कोनतं गाव होतं?"

"कोरचीकडं, मावशी. थंडी म्हंजे काय सांगू!"

"मानसं होती का पन?"

"मैदान पुरलं नाही."

मावशीच्या चेहऱ्यावर घरचं कार्य पार पडल्याचं समाधान दिसतं. ती आत वळून ओरडते, "भात उतरव रे!"

सगळ्यांत शेवटी साठीच्या पुढचा एक बारीकसा माणूस उतरतो. तो टेबलाकडे न येता मोरीपाशी जातो. मुलगा न सांगता त्याच्या हाती मिठाच्या गरम पाण्याचा पेला देतो. हे प्रॉम्प्टर. रात्रभर वहीतली ओळन् ओळ पुढे देत बसायचं, त्यामुळे सकाळी त्यांचा आवाज बसलेला असतो. ते गुळण्या करून येतात आणि खुणेनंच भात मागतात.

इथे भात किती वाढायचा ते विचारत नाहीत. स्टीलच्या ताटात ढीग पडतो, वाढणारा वाटीने मध्ये खळगा करतो आणि खळग्यात वरण ओततो. शेजारी वांगं आणि पोपटाची भाजी, म्हणजे वालाच्या हिरव्या शेंगांचे दाणे घालून केलेलं वांगं. हिवाळ्यात विदर्भात या भाजीला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. जवसाची चटणी, कांदा, लिंबाची फोड. वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला. पोळी हवी असेल तर सांगावं लागतं आणि सांगितल्यावर ती गॅसवर गरम होऊन येते. पोळी मागणारा बाहेरचा, हे वाढणाऱ्याला लगेच कळतं. पुण्याहून आलेला तबलजी पोळी मागतो. बाकीच्यांचे हात भातात आहेत. पहिल्या वाढपाला कुणी बोलत नाही.

तांदूळ एचएमटी आहे. बारीक दाणा, शिजल्यावर मोकळा. या तांदळाची गोष्ट वडशापासून लांब नाही. इथून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी आणि मग नागभीड लागतं. त्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी रामाजी खोब्रागडे शेती करत. जमीन दीडेक एकर, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवलं, पुढच्या साली थोड्या जागेत लावलं, पुन्हा निवडलं. काही वर्षांत एक नवं वाण हाती आलं. त्याला नाव नव्हतं. त्या दिवसांत मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं मानाचं होतं, तेच नाव धानाला चिकटलं. पुढे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्या बियाण्यावर काम केलं आणि पीकेव्ही-एचएमटी हे वाण आलं. दादाजी थांबले नाहीत, विजय नांदेड, डीआरके, दीपक रत्न अशी आणखी वाणं त्यांनी निवडून काढली. २००५ साली राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला. तरी त्यांच्या हयातीत पैसा त्यांच्याकडे आला नाही. त्यांच्या बियाण्यावर इतरांनी व्यापार केला. जून २०१८ मध्ये ते गेले.

समोरच्या भिंतीवर विनोदवीराचाही फोटो आहे आणि तो असायलाच हवा. हे कलावंत या मातीचा मान आहेत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतली गावंच्या गावं आनंदली होती. पण ज्याच्या हातचं धान रोज या ताटात पडतं, त्या माणसाचा फोटो चंद्रपूर-गडचिरोलीच्या खानावळींत मला दिसलेला नाही. देवाच्या तसबिरीशेजारी एक चौकट रिकामी करून तिथे दादाजींना बसवावं, असं मला मनापासून वाटतं. भात दुसऱ्यांदा घेताना जेवणाऱ्याला कळायला हवं, हा कुणाचा आहे.

"अजून घ्या ना जी. इतक्यात का झालं?" मुलगा माझ्या ताटाशी उभा आहे. मी हात आडवा धरेपर्यंत भात पडलेला असतो.

वरणाची चव तुरीची नाही. मी विचारतो.

"लाखोरीची डार आहे जी," मावशी चुलीपासून सांगते. "आमच्याच बांधीतली."

लाखोरी, पुस्तकी मराठीत लाख किंवा लाखोळी. धान उभं असतानाच, कापणीच्या आधी, बांधीतल्या ओलीवर तिचं बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघेपर्यंत खाली ती उगवलेली असते. तिची कोवळी पानं भाजीला, डाळ वरणाला आणि वड्यांना. पोटभर खायला दुसरं काही नसताना महिनोन्‌महिने फक्त तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, दुष्काळात हे घडलेलं आहे. त्यामुळे १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. महाराष्ट्राने ती २००८ साली उठवली. बंदीच्या काळातही इथल्या घरांतून लाखोरी गेली नव्हती, कारण इथे ती भाताबरोबर, भाजीबरोबर, बेताने खातात. वरण तुरीपेक्षा दाट आहे, किंचित मातकट, आणि लसणाची फोडणी त्याला खूप शोभते. पुण्याचा तबलजीही आता पोळी बाजूला सारून भात घेतो.

आमच्या शेजारच्या टेबलावर दोन शेतकरी येऊन बसतात. एक कुरखेड्याच्या बाजूचा. त्याच्या धानाच्या पुंजण्यावर हत्ती आले होते. २०२१ साली छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला, तेव्हापासून या भागात कापलेलं धान शेतात ठेवणं धोक्याचं झालं आहे. तो हे सगळं आवाज न चढवता सांगतो, मध्येच भात कालवतो, पुन्हा सांगतो. पंचनामा झाला, पैसे यायचे आहेत. दुसरा वाघाबद्दल बोलू लागतो आणि नाटकाच्या गाडीचा ड्रायव्हर मान वर करतो. पहाटे येताना त्याने रस्त्यावर वाघ पाहिला आहे. गाडी थांबवली, दिवे तसेच ठेवले, वाघ निघून जाईपर्यंत कुणी श्वास सोडला नाही.

"सीटी-वन असता तर?" शेतकरी म्हणतो.

सगळे गप्प होतात. १३ माणसांचा जीव घेणाऱ्या त्या वाघाला २०२२ च्या ऑक्टोबरात वडशाच्याच जंगलात बेशुद्ध करून पकडलं. ती भीती अजून सगळ्यांच्या मनात आहे. तरी नाटकाला माणसं रात्री येतात, टोळीने, टॉर्च घेऊन, लहान पोरं खांद्यावर घेऊन. ती नायिका झालेली मुलगी हळूच म्हणते, "म्हणून तर आपण पण नीट करायला पाहिजे." आणि खाली बघून जेवू लागते. तिच्या या वाक्याला कुणी उत्तर देत नाही, पण प्रॉम्प्टर तिच्या ताटात आपल्या वाटणीची लिंबाची फोड ठेवतात.

मी मघापासून बघतो आहे ते हे की या खानावळीत बायका सहज येतात. नटी आहेत, दोन शिक्षिका डबा न आणल्यामुळे आल्या आहेत, बाजाराला आलेली एक आजी एकटीच कोपऱ्यात जेवते आहे. कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बायांच्या आणि गावांच्या आंदोलनातून आली. चोरटी दारू येते, नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी २०२१ साली उठली, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण जेवायच्या जागी बाटली उघड येत नाही आणि एवढ्यानेच किती फरक पडतो, ते या कोपऱ्यातल्या आजीकडे पाहिलं की समजतं. ती सावकाश जेवते, पाणी पिते, कमरेच्या पिशवीतून पैसे काढते आणि मावशीशी सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत उभी राहते.

ताडोब्याच्या मोहर्ली फाटकाकडे सकाळची सफारी आटोपली की याच सुमाराला पर्यटकांची पंगत बसते. तिथे पनीर मिळतं, नूडल्स मिळतात, पावही मिळतो. तिथल्या पोरांच्या हाताला त्यातून काम आहे आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण नागपूर-मुंबईहून वाघ बघायला आलेला माणूस लाखोरीचं वरण, जवसाची चटणी, पावसाळ्यात कोवळे वास्ते नाही तर जंगलातल्या सात्या न चाखता परत गेला, तर त्याने हा मुलूख अर्धाच पाहिला. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब आणि सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणारी अळिंबी. हे पदार्थ इथल्या घराघरांत रांधले जातात, पण पाटीवर येत नाहीत. वडशाच्या या मावशीच्या पाटीवरही नाहीत. "पाहुन्याले आवडते का नाही, कोन जाने," ती म्हणते. मी तिला सांगतो, लिहा पाटीवर. नटी म्हणते, मावशी, लिहाच. मुलगा खडू शोधायला लागतो.

एक वाजत येतो. ताटं उचलली जातात. नायक खुर्चीतच पेंगू लागला आहे. खलनायकाने हातावर सुपारी घेतली आहे आणि मॅनेजर वहीत हिशोब मांडतो आहे. आजची नाईट आरमोरीच्या बाजूला, गाडी पाचला निघणार. रात्रीचं जेवण ज्या गावचं नाटक, त्या गावाकडे.

"उद्या सकाळी किती जन जी?" मावशी विचारते.

"चौदा. पाव्हने आले तर दोन जास्त."

"मग लाखोरीचे वडे करतो मी. गरम खाजा सगळे."

मिठाच्या पाण्याने प्रॉम्प्टरांचा आवाज आता थोडा उघडला आहे. दाराबाहेर पडता पडता ते वळतात. "माझे चार बाजूला ठेवजा, मावशी. मागच्या खेपेस आमी येईपर्यंत ड्रायव्हरनंच संपवले."

"पाच ठेवतो," मावशी म्हणते आणि तिसऱ्या गंजासाठी तांदूळ निवडायला बसते.