पडद्यावरचे पशुपक्षी (लेखांक ६) : टपाल वाहणारे घुबड

मागील लेखांकात आपण डाल्मेशियन कुत्र्यांची हकीकत पाहिली. १९८५ साली अमेरिकन केनेल क्लबच्या दप्तरी ज्या जातीच्या आठ हजारांच्या आसपास नोंदी होत्या, तीच जात पडद्यावर गाजल्यावर १९९३ साली बेचाळीस हजारांच्या वर कशी गेली, आणि जन्मजात बहिरेपणाचा वारसा असलेली, धावल्यावाचून न राहवणारी ही कुत्री हौसेने घरी आणणारी कुटुंबे पुढे कशी हवालदिल झाली, याचा तो वृत्तांत होता. तथापि कुत्रा हा कितीही झाले तरी सहस्रावधी वर्षे मनुष्याच्या उंबरठ्यावर वाढलेला प्राणी आहे. त्याची हेळसांड झाली तर ती आपल्याच आश्रिताची हेळसांड होय. आज ज्या पक्ष्याचा विचार करावयाचा आहे, त्याने मनुष्यजातीशी असा कोणताही करारमदार कधी केलेला नाही, आणि आमच्याकडील आजीबाईंना विचाराल तर तो करण्याची कोणाची छातीही नव्हती.

घुबडाविषयी मराठी मनाची भावना सर्वश्रुत आहे. घराच्या आढ्यावर ते बसले तर अशुभ, त्याच्या कानी आपले नाव पडले तर ते रात्रभर नावाचा जप करून माणसाला खंगवते, आणि त्याला मारलेला दगड ते घेऊन जाते व तो दगड झिजत जाईल तसतसा मारणाराही झिजत जातो, अशा समजुती खेडोपाडी आजही ऐकू येतात. त्या सर्वस्वी निराधार आहेत, हे सांगावयास नकोच. परंतु शेवटच्या समजुतीने गोफण हाती असलेल्या किती पोरांपासून किती घुबडांचे रक्षण केले असेल, याचा विचार मनात आला की तिच्यावर फार कठोर टीका करण्याचे धैर्य होत नाही.

अशा या पक्ष्याला बालगोपाळांच्या जिव्हाळ्याचा विषय करून सोडण्याचे श्रेय हॅरी पॉटरच्या कथांकडे जाते. १९९७ साली पहिले पुस्तक आले, २००१ ते २०११ या अवधीत आठ चित्रपट निघाले, आणि त्यांतील हेडविग नावाचे शुभ्र घुबड, जे वाढदिवसाची भेट म्हणून त्या पोरक्या मुलाच्या हाती पडते, त्याचे टपाल पोहोचवते, त्याच्या एकटेपणात त्याला सोबत करते आणि रुसते तेही माणसासारखेच, ते जगभरच्या मुलांच्या मनात घर करून बसले. हेडविग ही हिमघुबड जातीची मादी. परंतु या जातीत पूर्ण वाढलेला नर जवळजवळ निर्भेळ पांढरा असतो, तर मादीच्या अंगावर काळपट तपकिरी पट्टे असतात. त्यामुळे कथेतील शुभ्र मादीची भूमिका पडद्यावर मुख्यतः नर पक्ष्यांनी, आणि तीही आळीपाळीने अनेकांनी मिळून, वठवली. आमच्या संगीत रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, त्या परंपरेला हे धरूनच झाले, असे कोणी म्हणाल्यास त्यास हरकत घेता येणार नाही.

टपालाचा प्रकार मात्र निव्वळ कल्पनेतला आहे. पत्र वाहण्याचे काम पक्ष्याने केलेच असेल तर ते कबुतराने. ओरिसाच्या पोलीस खात्याने १९४६ पासून अर्धशतकाहून अधिक काळ कबुतरांचे संदेशदल बाळगले होते. पण कबुतरदेखील कोठेही सोडले तरी आपल्या खुराड्याकडेच परतते, म्हणजे त्याचा पत्ता एकच आणि कायमचा. हेडविगच्या जातीच्या अंगी तेवढीही घराची ओढ नाही. हिमघुबड तर ध्रुवाभोवतीच्या वृक्षहीन टुंड्रा प्रदेशात लेमिंग नावाच्या उंदीरवजा प्राण्यांच्या मागे भटकणारा पक्षी आहे. ज्या वर्षी जेथे लेमिंग मुबलक, त्या वर्षी तेथे त्याची वीण. पुढल्या वर्षी तो शेकडो कोस दूर असावयाचा.

मग पडद्यावर हे पक्षी आज्ञाधारकपणे खांद्यावर येऊन बसतात, पत्र घेऊन झेपावतात, ते कसे? या प्रश्नाच्या उत्तरातच घुबड पाळण्याचे सारे मर्म साठवलेले आहे. शिकारी पक्ष्याच्या शिक्षणाचे शास्त्र तराजूवर उभे असते. बहिरी ससाणा बाळगणाऱ्यांचा शिरस्ता असा की, पक्ष्याचे रोज वजन करावयाचे, त्याला उपासमार होणार नाही परंतु पोटही तुडुंब भरणार नाही इतक्या बेताने आहार द्यावयाचा, आणि मग हातमोज्यातील मांसाच्या तुकड्यासाठी तो परत येतो. भरल्या पोटाचा पक्षी झाडावर जाऊन बसतो आणि मालकाकडे ढुंकूनही पाहत नाही. चित्रपटातील घुबडांना शिकवणाऱ्या निष्णात लोकांनीही महिनोन्‌महिने याच मार्गाने त्यांच्याकडून एकेक कृती बसवून घेतली. एका उड्डाणासाठी या टोकाला एक शिक्षक आणि त्या टोकाला तुकडा धरलेला दुसरा, अशी सारी सिद्धता चौकटीच्या बाहेर असते. प्रेक्षकाला दिसते ती मैत्री. भूक, तराजू आणि मांसाचा तुकडा हे तिन्ही संकलकाच्या कात्रीने वगळलेले असतात. चित्रपटावर माझा आक्षेप असेल तर तो एवढाच. घुबड पाळा असे तो कोठेही सांगत नाही. पाळण्याचा खर्डा मात्र तो दृष्टीआड करतो.

याला पक्ष्याच्या चेहऱ्याचीही साथ मिळते. बहुतेक पक्ष्यांचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असतात, घुबडाचे मात्र समोर; त्यात ती वाटोळी सपाट मुखतबकडी, आणि पापणी मिटण्याची ती धीमी रीत. आपल्याला त्यात एखादे गंभीर मूल दिसू लागते. वस्तुतः ते डोळे नळकांड्याच्या आकाराचे आणि खोबणीत घट्ट बसवलेले असल्याने फिरवता येत नाहीत, म्हणून मानेत चौदा मणके असलेला हा पक्षी संपूर्ण मस्तकच पाऊणशे नव्हे, सव्वाशे नव्हे, तर २७० अंशांपर्यंत वळवतो. आणि मुखतबकडी म्हणजे ध्वनी गोळा करणारी परात. गव्हाणी घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात. आवाज एका कानी किंचित आधी आणि किंचित मोठा पडतो, त्या फरकावरून काळोखातील उंदराचे नेमके स्थान ते ठरवते. ज्या कानांना गवताखालची खसखस ऐकू येते, त्यांच्या शेजारी मिक्सर, दूरदर्शन संच आणि गणपतीपुढचे ढोल लावून ठेवले असता त्या जिवाची काय अवस्था होत असेल? ती आपल्याला कळतही नाही, कारण भ्यालेले घुबड पुष्कळदा फडफडत नाही. अंग आखडून, पिसे चोपून, डोळे किलकिले करून निश्चल बसते. झाडाच्या खोडाशी एकरूप होऊन शत्रूची नजर चुकवण्याची ती त्याची निसर्गदत्त युक्ती आहे, आणि घरातील मंडळी म्हणतात, पाहा किती शांत आहे.

आता पाकगृहाकडे वळू. घुबडाला खाटकाकडचे नुसते मांस पुरत नाही. त्याला हाडे, आतडी आणि केस यांसह आख्खे भक्ष्य लागते. केवळ मांसावर वाढवलेल्या पिल्लास चुन्याची उणीव पडून त्याची हाडे वाकतात. पाश्चात्त्य देशांत घुबडे बाळगणारे लोक एक दिवसाची मेलेली कोंबडीची पिल्ले आणि गोठवलेले उंदीर शीतकपाटात साठवतात, आणि ते कपाट स्वयंपाकघरातलेच असेल तर गृहकलहाची तरतूद वेगळी करावी लागत नाही. खाल्लेल्यातील न पचलेली हाडे व केस यांची गुंडी काही तासांनी पक्षी ओकून टाकतो, आणि ती कोठे टाकावी याबाबत तो यजमानाची अनुज्ञा घेत नाही. हिमघुबड दोन किलोच्या आसपास भरते, त्याच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या घरात जातो, पायांच्या बोटांपर्यंत त्याला पिसांचे मोजे असतात. उणे चाळीस अंशांसाठी घडवलेला हा देह उष्ण हवेत सतत धापा टाकतो, आणि फुप्फुसांत वाढणाऱ्या बुरशीच्या रोगाला विशेषेकरून बळी पडतो. नीट निगा राखली तर बंदिवासात तो पंचवीस वर्षेही जगतो, म्हणजे दहाव्या वाढदिवसाची भेट पस्तिसाव्या वर्षापर्यंत सांभाळावी लागते.

याहूनही दुःखद भाग पुढेच आहे. पिल्लू अगदी लहानपणी आणून हाताने भरवले तर ते माणसाळते, असे पुष्कळांना वाटते. ते माणसाळत नाही. माणसालाच आपली जात समजू लागते. कोनराड लोरेन्त्स यांनी हंसाच्या पिल्लांविषयी जे दाखवून दिले, तेच येथेही घडते. भूक नसतानाही ते अन्नासाठी किंचाळत राहते. वयात आले की पाळणाऱ्यालाच जोडीदार मानून त्याला साद घालते, आणि घरातील इतरांवर, प्रतिस्पर्धी समजून, नख्या परजून झेप घेते. असे घुबड पुढे रानात सोडण्याची सोय उरत नाही, कारण ते भूक लागली की माणसाकडेच जाणार. म्हणजे अतिप्रेमाने वाढवलेल्या पक्ष्याला आजन्म बंदिवासाची शिक्षा होते, आणि तीही त्याचा काही गुन्हा शाबीत न होता.

चित्रपटामुळे खरोखरच घुबडे घरोघरी गेली काय? २०१० च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी घुबडांच्या व्यापारावरील ‘ट्रॅफिक’ संस्थेचा अहवाल प्रसिद्ध करताना, हॅरी पॉटरच्या प्रभावाने शहरी मध्यमवर्गातही मुलांना घुबड भेट देण्याची विचित्र हौस निर्माण झाल्याचे म्हटले, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी तेवढेच विधान उचलले. पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांच्या त्या अहवालात, मुलाच्या दहाव्या वाढदिवसासाठी पांढरे घुबड मिळवून द्या अशी गळ त्यांना त्यांच्याच परिचयातील एका श्रीमंत बाईंनी घातल्याचा उल्लेख आहे खरा. परंतु अहवालाचा मुख्य भर अगदी निराळ्या गोष्टीवर होता. भारतात आढळणाऱ्या सुमारे तीस जातींपैकी पंधरा जाती त्यांना या चोरट्या व्यापारात आढळल्या, आणि त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने जादूटोण्याचे होते. कवटी, नख्या, पिसे, रक्त, डोळे यांना तांत्रिकांकडे भाव, आणि त्या मागणीला भर दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास. हा धंदा कोणत्याही चित्रपटाहून कितीतरी पुरातन आहे. सात समुद्रांपलीकडच्या एका मुलाच्या कथेवर दोष ठेवणे सोपे असते. आपल्याच गल्लीतील मांत्रिकावर ठेवणे तितके सोपे नसते.

अभ्यासकांनी पुढे हा प्रश्न आकड्यांवर घासून पाहिला. २०१७ साली दोन निबंध निघाले आणि त्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध वाटावे असे आहेत. इंग्लंडातील संशोधकांनी चित्रपटांची तिकीटविक्री, पुस्तकांचा खप आणि घुबडांच्या कायदेशीर खरेदीविक्रीची कागदपत्रे ताडून पाहिली. ज्या देशात ही कथा जन्मली, तेथे तिच्यामुळे मागणी वाढल्याचा वा मालिका संपल्यावर पक्षी टाकून दिले गेल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. जावा आणि बाली बेटांवरील पक्षीबाजारांचा अभ्यास करणाऱ्या निजमन आणि नेकारिस यांना मात्र, २००१ पूर्वी अपवादानेच दिसणारी घुबडे नंतरच्या वर्षांत बाजारोबाजारी मांडलेली आढळली, आणि पूर्वी भुताचा पक्षी म्हणवणारे घुबड विक्रेत्यांच्या तोंडी ‘हॅरी पॉटर पक्षी’ झालेले होते.

या विसंगतीचा उलगडा मला तरी बाजारातच होतो. जावामध्ये पिंजऱ्यातला पक्षी हे प्रतिष्ठित घराचे लक्षण समजले जाते. रानातून धरलेले पक्षी विकणाऱ्या पेठा तेथे अगोदरपासून भरत होत्या, आणि अंमलबजावणीचा धाक बेताचा होता. चित्रपटाने त्या चालत्या दुकानाला एक नवा माल सुचवला. इंग्लंडात दुकानच तसे नव्हते. तेथील बाळगलेली घुबडे पैदास केलेली, आणि बाळगणाऱ्यांचा वर्ग लहान व ठरलेला. कथा तीच, प्रेक्षक तितकेच भारावलेले. फरक पडला तो पारध्याची वाट मोकळी होती की नव्हती याने.

आपल्याकडे ही वाट कायद्याने बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशातील कोणतेही घुबड पकडणे, बाळगणे, विकणे अथवा मारणे हा गुन्हा असून त्याला कारावासाची शिक्षा आहे. अज्ञानाची वा भूतदयेची कैफियत तेथे चालत नाही. परदेशी जाती आणू म्हणावे, तर जगातील यच्चयावत घुबडे ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या परिशिष्टांत दाखल आहेत. म्हणजे मुंबईत वा पुण्यात कोणी घुबड विकत देऊ केले, तर त्याच्याकडे परवाना आहे काय हे विचारण्याचेही प्रयोजन नाही. समजुती बदलण्याचे कामही कोठे कोठे सुरू झाले आहे. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशन या संस्थेने २०१८ साली घुबडांचा उत्सव भरवला.

प्रत्यक्षात मराठी शहरवासीयाची आणि घुबडाची गाठ पडते ती निराळ्याच प्रसंगी. गव्हाणी घुबडे जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि नव्या इमारतींच्या वायुविजनाच्या पोकळ्यांत विणीला बसतात, आणि एखादे पिल्लू खाली जिन्यात येऊन पडते. अशा वेळी दूध, पाव, भात यांपैकी काहीही त्याच्या चोचीत घालू नये. पक्ष्याला दूध पचत नाही. कुत्र्या-मांजरांपासून आणि मुख्यतः भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढणाऱ्यांपासून त्याला दूर ठेवावे. पिल्लू धडधाकट असेल आणि घरटे हाताशी असेल तर उचलून तेथेच ठेवण्यास भिऊ नये. माणसाचा स्पर्श झाला म्हणून आईबाप त्याला टाकतात हा निव्वळ गैरसमज असून, अंधार पडताच ती भक्ष्य घेऊन येतात. जखम दिसत असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर वर्दी द्यावी.

आणि ज्यांना घुबडाचा सहवास हवाच असेल, त्यांच्यासाठी एक कायदेशीर मार्ग आहे. मलेशियातील ताडतेलाच्या मळ्यांत आणि इस्रायलच्या शेतांत उंदरांच्या बंदोबस्तासाठी गव्हाणी घुबडांकरिता लाकडी पेट्या उंचावर टांगतात. चार-पाच मीटर उंचीवर, पावसाची झड आत येणार नाही अशा बाजूला, पक्षी सहज शिरेल एवढे तोंड ठेवून शेतावर अशी पेटी लावावी. येणे न येणे पक्ष्याच्या मर्जीवर. आलाच तर रात्रीला तीन-चार उंदरांचा हिशेब तो आपला आपण चुकता करील, आणि पिल्ले असतील त्या दिवसांत त्याहून पुष्कळ अधिक.