ओसाड रानावर पाऊस कशाला?

आपल्या बीडात पाऊस लांबला की पारावर कुणीतरी म्हणतंच, माणसाचं पाप वाढलंय. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टींतही हे वाक्य असतंच.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्रही तेच म्हणतात. गुरं गेली, लेकरं गेली, म्हणजे यानं काहीतरी केलंच असणार. आम्हा कोडिंगवाल्यांना हे लगेच पटतं बघा : इफ पाप, देन दुष्काळ.

पण ३८व्या अध्यायात देव बोलतो आणि हिशोबच मोडतो. कारण सांगत नाही, उलट विचारतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा ईयोब होता कुठे? समुद्राला हद्द कुणी घातली? मग २६व्या वचनात भारी गोष्ट येते : जिथं माणूसच राहत नाही, त्या ओसाड रानावरही देव पाऊस पाडतो. तिथं ना पेरणी, ना कुणाचं पुण्य. सृष्टीवर सत्ता देवाची, म्हणजे पाऊस ही आपली मजुरी नाही, असं मला यातून कळतं.

मग ईयोब देवाशी एवढा भांडला, त्याचं काय? ४२व्या अध्यायात देवाचा राग निघतो, तो त्या मित्रांवर.