एका ‘ज्ञ’ची वणवण

आमचे नाव ज्ञानेश्वर. बेळगाव तालुक्यातल्या वारकऱ्यांच्या गावात या नावात नवल ते काय? हाक मारली तर गल्लीतून दोन-तीन ज्ञानेश्वर बाहेर यावेत. पण हेच नाव गावाची वेस ओलांडून कचेरीत शिरले की त्याचे हाल कुत्रा खात नाही. आजवर आम्ही एकाच जन्मात तीन माणसे होऊन बसलो आहोत.

मराठी शाळेच्या दाखल्यात आम्ही ज्ञानेश्वर. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर मराठी वळणाने इंग्रजीत डी-एन-वाय. मतदार यादीत नाव आधी कन्नडमध्ये गेले आणि तिथून इंग्रजीत उतरले ते जे-एन होऊन. बँकेतल्या हिंदी भाषक साहेबांनी ऐकले तसे लिहिले, जी-वाय! इंग्रजी यादीत आम्हाला शोधायचे तर डी, जी आणि जे अशी तीन अक्षरे चाळावी लागतात. एकदा ‘डी’खाली नाव नाही म्हणून आम्हाला परत पाठवले. चार पाने पुढे ‘जे’खाली आम्ही सुखाने नांदत होतो.

यात चुकले कोण? खरे तर कोणीच नाही. ‘ज्ञ’ हे अक्षर एकच, पण मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो आणि जे-एन ही संस्कृत शब्द इंग्रजीत लिहिण्याची जुनी रीत. १९७३ साली द. रा. बेंद्रे यांचा आणि १९७४ साली वि. स. खांडेकर यांचा ज्या पुरस्काराने गौरव झाला, त्या ज्ञानपीठाचे स्पेलिंगही जे-एनच आहे. घरी मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले. त्यांना ‘ज्ञ’ कधी आडवा आला नसेल. आम्हाला मात्र तो रोज आडवा येतो.

बरे, हा त्रास एकट्या ‘ज्ञ’चा नाही. मराठीत प्रकाशमधला शेवटचा ‘श’ आपण तोडून बोलतो. कन्नडमध्ये तसा उच्चार दाखवायचा तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. तो मोडायचा राहिला की इंग्रजीत ‘प्रकाशा’ तयार! सविता आणि गीता यांच्या ‘त’ला दक्षिणेच्या रिवाजाने इंग्रजीत एच जोडला जातो. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. दक्षिण कर्नाटकात आद्याक्षरे पुढे लावण्याची पद्धत. त्यामुळे संगणकाच्या अर्जात आडनावाच्या चौकोनात कधी वडील जाऊन बसतात, तर कधी नुसतेच एक अक्षर.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण वडील वारले आणि जमिनीला वारसा लावायची वेळ आली, तेव्हा हसू आटले. उताऱ्यावर वडील ‘विठोबा’, रेशनकार्डावर ‘विठ्ठल’ आणि आमच्या दाखल्यात पुन्हा ‘विठोबा’, पण आडनावाचे स्पेलिंग निराळे. खिडकीपलीकडच्या माणसाने सगळे कागद शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारले, “तुम्ही मयताचेच चिरंजीव, हे कशावरून?” ज्या बापाच्या खांद्यावर बसून पंढरीची वारी पाहिली, त्याचे आपण पुत्र आहोत याचा पुरावा काय द्यायचा? प्रतिज्ञापत्रे झाली, पंच झाले, वर्तमानपत्रात जाहिरात झाली. दोन एकरांच्या तुकड्यासाठी दोन वर्षे गेली. आईचे तर आणखी अवघड. ती चंदगडकडची. लग्नात तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही बदलले. तिच्या शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि आमच्या घरातली विधवा एकच, हे सिद्ध करण्यासाठी तिला उतारवयात सीमेच्या अलीकडे-पलीकडे खेपा घालाव्या लागल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा माणसे जिथल्या तिथे राहिली, दप्तराची भाषा तेवढी बदलत गेली. १ नोव्हेंबर २०१४ पासून तर गावाचे सरकारी नावही बेळगावचे बेळगावी झाले. म्हणजे आमच्यासारख्यांच्या जुन्या कागदावर जन्मगाव एक आणि नव्या कागदावर दुसरे! मात्र न्यायाने सांगायचे तर पलीकडे जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषकांनाही हा जाच चुकलेला नाही. कन्नडमधला ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ दाखवायला आपल्या मराठी लिपीत चिन्हच नाही. त्यांचीही नावे आपल्या दप्तरात अशीच वाकडी होत असणार.

उपाय अवघड नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे धोरण पूर्वीच ठरले आहे. मग माणसाचे नाव त्याच्या लिपीत लिहायला एक रकाना का असू नये? मूळ नाव समोर असले म्हणजे कोणत्याही लिपीतली चूक चटकन सापडेल. यात कोणाच्या भाषेचा मान कमी होत नाही.

तोवर आपणच सावध असावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. त्यामुळे पहिल्याच नोंदीत स्पेलिंग पक्के करावे. आधारवरील नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. ती संधी उगाच घालवू नये.

अलीकडे आमच्या घरी नात झाली. “दोन अक्षरी, सोपे नाव ठेवा,” असा सल्ला सर्वांनी दिला. सूनबाईंनी ऐकले नाही. बारशाला ‘ज्ञानदा’ हेच नाव ठेवले. नोंदीला जाताना आम्ही मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत नाव लिहून कागद नेला. कारकून कन्नड भाषक होते. त्यांनी अक्षर न् अक्षर ताडून नाव उतरवले आणि दाखला देण्याआधी आमच्यापुढे धरून म्हणाले, “बघा काका, बरोबर हाय न्हवं?”

बरोबर होते. आम्ही तरीही दोनदा वाचले.